मुक्या जागेतलं गाऱ्हाणं

गजा,

तुझा शब्द मोडला मी. परवा तुझं तेरावं झालं आणि काल मोडला. तू असतास तर "मेल्या जना, तुझ्या तोंडात तीळ भिजायचा नाय" म्हणून मला पडवीतून हाकललं असतंस. आता हाकलायला तू नाहीस, म्हणून बसून लिहितोय. शिव्या घालायच्या तर घाल. ऐकू आल्या तर मला बरंच वाटेल.

लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलले रे. बोगद्यातला माणूस गेला, असंही कोणी म्हणालं. लोकांना वाटतं बोगद्यातला माणूस म्हणजे डोंगर फोडणारा. आपलं काम डोंगर फोडून झाल्यावरचं. रेल्वेच्या बोगद्यांतल्या तारा, टेलिफोन, वॉकीटॉकी, हे सगळं बोलतं ठेवायचं. आतल्या माणसाचा आवाज बाहेर पोचवायचा. कुणाला समजावून सांगायला गेलं तर दोन वाक्यांत संपतं, आणि करायला आपलं आयुष्य गेलं.

पहिल्यांदा आत गेलास तो दिवस मला अजून दिसतो. मी बोगद्याच्या तोंडाशी एक सेट घेऊन उभा, दुसरा सेट घेऊन तू आत. "हॅलो, टेस्टिंग, वन टू थ्री" म्हणायचं असं आपल्याला शिकवलेलं. तू थोडा आत गेलास आणि तुझे आकडे खरखरीत विरायला लागले. वन कुठला आणि थ्री कुठला, काही कळेना. मग एकदम तुझा खडा आवाज आला, "बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! आज ह्यो तुझा गजा डोंगराच्या पोटात शिरलाय, त्याच्या बॅटरीला बळ दे रे म्हाराजा!"

आणि माझ्या तोंडून आपसूक गेलं, "व्हय म्हाराजा!"

शिमग्याला पालखीपुढे गुरव गाऱ्हाणं घालतो आणि सगळा गाव ओरडतो ना, तसंच. ती सवय आईच्या कडेवर असताना लागलेली, ती सेट हातात आल्यावर कुठे जाणार? बाहेर आलास तेव्हा मी पोट धरून हसत होतो आणि तू मात्र गंभीर. "हसतोस काय मेल्या? आकडे चिरडतात आत. म्हाराजातला आ चिरडत नाय." त्यानंतर आपण वन टू थ्री कधी म्हटलंच नाही. तू आतून गाऱ्हाणं घालायचं, मी बाहेरून व्हय म्हाराजा म्हणायचं, आणि माझा व्हय तुला जिथे ऐकू येणार नाही तिथे तू भिंतीवर खडूची फुली मारायची. कधी देवाकडे बॅटरी मागायचास, कधी साहेबाला सुबुद्धी. एकदा साहेब त्याच चॅनेलवर होते. तेच म्हणाले, "व्हय म्हाराजा!" आपली दातखीळ बसली होती त्या दिवशी.

तुझा तो छोटा ट्रान्झिस्टरही आठवतो. सकाळचं भजन लागलेलं असायचं, आणि बोगद्याच्या तोंडातून दोन पावलं आत टाकली की गप्प. मी म्हणायचो, सेल गेले. तू म्हणायचास, सेल नाय गेले, लाट मोठी हाय, दरवाजा लहान हाय, शिरणार कशी? मग तू तो भिंतीवरच्या टेलिफोनच्या तारेजवळ नेलास, आणि काळोखात, आजूबाजूला पाणी ठिबकत असताना, भजन परत लागलं. तारेपासून वीतभर लांब नेला की बंद, जवळ आणला की सुरू. पोरासारखा हसत होतास. "बघ जना, आवाजाला धरायला कायतरी लागतं. नुसत्या भोकात तो मरतो." मला तेव्हा त्याचं कौतुक नव्हतं. मला बाहेर जाऊन चहा प्यायचा होता.

वॉकीटॉकीची लाट आखूड, ती आत शिरायची. सरळ बोगद्यात चालायचीही बरी. पण आपल्या बोगद्याला मध्ये वळण, आणि वळणापलीकडे कातळातून बारमाही पाझर. वळणावर आवाज भिंतीला आपटायचा आणि ओला कातळ उरलासुरला पिऊन टाकायचा. तिथे तुझ्या सगळ्या फुल्या एकाशेजारी एक. त्या टप्प्याला आपण मुकी जागा म्हणायचो. गाडी आली तर उभं राहायला बोगद्यात जागोजाग भिंतीत कोनाडे, तसा तिथेही एक होता. वळणाशी आलास की सेटवर सांगायचास, "मुक्या जागेत चाललो रे," आणि मग तुझा पत्ता नसायचा. मी बाहेर थांबायचो. पूर्वी लवकर परतायचास. पुढे पुढे तुला तिथे वेळ लागायला लागला. मला वाटायचं, तंबाखू मळत बसला असेल.

एक गोष्ट तुला कधी नीट सांगितली नाही, ती सांगतो. एकदा आत जायची पाळी माझी होती. वळणाच्या अलीकडे होतो तेवढ्यात मालगाडी येतेय म्हणून तू ओरडलास, मी जवळच्या कोनाड्यात घुसलो आणि बॅटरी हातातून पडून विझली. गाडी आत आली की बोगदा बूच मारल्यासारखा बंद होतो, सेट मेलाच. धूर, दणदणाट, आणि डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना असा काळोख. गजा, मी घाबरलो होतो रे. बायकोपोरं डोळ्यांपुढे आली. गाडी बाहेर पडली, सेट खरखरला, आणि पहिला आवाज आला तो तुझा. गाऱ्हाणं चालू होतं. घसा बसलेला, शब्द फाटलेले, "माझ्या जनाला सांभाळ रे म्हाराजा, त्याच्या केसाला धक्का लागू देऊ नको रे म्हाराजा." पलीकडून व्हय येत नाही, सेट मेलाय, हे माहीत असून तू सगळा वेळ बोलत राहिला होतास. बाहेर आल्यावर मी काय म्हटलं? "आवाज बसलाय तुझा, गरम पाणी पी." एवढंच म्हटलं. आभार मानायची आपल्याकडे पद्धत नाही. आता मानतो.

आणि म्हणूनच तुझा मला राग आहे. माझ्यासाठी उत्तराशिवाय ओरडत राहणारा माणूस तू, आणि पोटच्या पोरीला एक फोन करवला नाही तुला.

दीपा. तुझी एकुलती एक. खेळण्यातले दोन सेट आणून, त्यांना एरियलच्या लांब तारा जोडून तू तिला हे वेड लावलंस. ती फ्रॉक सावरत आंब्याच्या कलमांच्या टोकाला, जांभ्या दगडाच्या कुंपणावर, गडग्यावर जाऊन बसायची, तू माजघराच्या खिडकीत. "बा देवा म्हाराजा, ह्या पोरीला गणितात पास कर रे म्हाराजा!" आणि तिकडून चिमण्या आवाजात, "व्हय म्हाराजा!" बटण दाबून धरायची खोड तिला. किती वेळा ओरडलास, "अगो बाय, बोलून झालं की बोट काढ! बोट दाबून ठेवलंस तर मी ओ दिलेली तुला कळायची कशी?"

ती शिकली, ठाण्याला इस्पितळाच्या लॅबमध्ये लागली. वेळणेश्वराकडचं स्थळ आलं, साखरपुडा झाला. मग मुलाकडचे म्हणाले, नोकरी सोडायची. दीपाने नोकरी नाही, मुलगा सोडला. तुझा शब्द गेला, चारचौघांत मान खाली गेली, सगळं मान्य. पण दारात उभं राहून तिला काय म्हणालास? "पुन्हा ह्या दाराशी येऊन मला हाक मारू नकोस." ती तुझीच मुलगी. म्हणाली, "नाही मारणार," आणि नाही मारली. त्यानंतर वर्षं गेली. सुमनवहिनी परसात जाऊन तिच्याशी फोनवर बोलायची, आणि ते तुला माहीत असायचं, आणि तू नळ सोडून भांडी घासत बसायचास. तिचं नाव मी काढलं की विषय बदलायचास. आंब्याला मोहोर कसा आहे, हे विचारायचास. ऐन पावसाळ्यात!

मग ती नवी केबल आली. वरच्या वेष्टनाला मुद्दाम चिरा पाडलेली, म्हणजे आतला आवाज वाटेत थोडाथोडा बाहेर झिरपेल आणि बोगद्यात कुठेही उभं राहिलं तरी सेटला मिळेल. तू हातात घेऊन उलटीसुलटी बघितलीस आणि म्हणालास, "जल्मभर गळती बंद केली, आता सांगतायत गळू दे!" तरी जीव ओतून लावलीस. केबल टांगायचा आकडा न् आकडा स्वतः भिंतीत ठोकलास. मी म्हणालो, आता तुझी मुकी जागा संपली.  एक तरी जागा ठेवायला हवी होती, असं काहीतरी पुटपुटलास. मला वाटलं, तंबाखूची सोय गेली म्हणून म्हणतोयस.

केबल टप्प्याटप्प्याने चालू होत होती; अलीकडचा टप्पा झाला होता, वळणापुढचा राहिला होता. त्या सकाळी पलीकडच्या तोंडाकडच्या माणसांनी वळणापुढचा टप्पा चालू करून बघितला, हे तुला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. तू नेहमीसारखं म्हणालास, "मुक्या जागेत चाललो रे." मी सेट दगडावर ठेवला आणि पानाची चंची काढली.

आणि सेट बोलायला लागला.

खरखर नाही, काही नाही. माझ्या शेजारी बसून बोलावंस इतका स्वच्छ. पण तो आपला ओरडण्याचा सूर नव्हता. हळू, थकलेला. "बा देवा म्हाराजा. रोज तेच मागतो, आजपण तेच. माझ्या दीपाला एकदा मला हाक मारू दे. मी बोललो ते बोललो, आता ते गिळता येत नाय. पण तिनं एकदा हाक मारली तर मी ओ देईन. दुसऱ्या हाकेची वाट बघायचो नाय. तेवढं कर रे म्हाराजा."

मग तू थांबलास. गाऱ्हाणं घालणारा थांबतो तसा. मी काय करणार होतो, गजा? गाऱ्हाणं पुरं झालं की व्हय म्हणायचं असतं. न म्हणणं म्हणजे अपशकुन. मी सेट उचलला आणि म्हटलं, "व्हय म्हाराजा."

 केवढ्या वेळाने तुझा आवाज आला. "जना? मुकी जागा बोलायला लागली काय रे?"

"व्हय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्याच दिवशी हातखंब्याच्या टपरीवर चहा पुढ्यात घेऊन आपण बसलो होतो, आणि हायवेवरून ट्रकांची वर्दळ. तू मान वर करेनास. म्हणालास, "ऐकलंस ते पोटात ठेव. कुणाला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील." मी म्हटलं, ठेवतो, पण एक सांग. तिथे कुणाला ऐकू जात नाही असं तू धरून चालला होतास. देवाला काय सेट लागतो? मग बटण का दाबलं होतंस?

"सवय," म्हणालास.

"सवय डोंबलाची! रोज तिथे जाऊन बटण दाबून बोलतोस म्हणजे कुणीतरी ऐकावं असं वाटतंय तुला. त्यापेक्षा पोरीला फोन लाव. आत्ता लाव. हा घे."

तू फोन बघितलासदेखील नाही. "तिनं आधी." आणि चहा तसाच टाकून उठलास. मी पाठीमागून ओरडलो, माझ्यासाठी बरा घसा फोडलास, तेव्हा कोण आधी कोण नंतर आठवलं नाही तुला! टपरीवाला बघायला लागला. तू गाडीला किक मारलीस.

हे भांडण अर्धं राहिलं. मी मनात ठरवलं होतं, पुन्हा काढायचं. आंबे झाले की काढू, गणपती झाले की काढू. तुला घेऊन आरे-वारेच्या चढावर जाऊन बसायचं, समोर समुद्र, म्हणजे उठून जायला तुला जागा नाही, असा माझा बेत होता. आणि तू पडवीत काजूबिया सोलताना मान टाकलीस. सुमनवहिनी आतून विचारत होती, चहा ठेवू का, आणि तू उत्तर देत नव्हतास. तिला वाटलं, नेहमीसारखा रागावलायस.

दीपा आली तेव्हा तुला नेऊन झालं होतं. दारात आली आणि तिथेच थांबली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना. वहिनीने हाताला धरून ओढली. तेरा दिवस ती घरात वावरली, माणसांना जेवायला वाढलं, भांडी लावली, आणि डोळ्यांतून एक टिपूस नाही. बायका आपसांत बोलल्या, काळजाची घट्ट आहे.  मला ते कोणासारखं आहे ते माहीत होतं.

काल पाहुणे गेले. पडवीत मी, ती आणि वहिनी. ती सहज विचारल्यासारखी म्हणाली, "काका, अण्णांनी कधी माझं नाव काढलं होतं का हो?"

बघ गजा, मी तुझं ऐकणारा माणूस. तुझी शपथ मी पाळली होती. पण तुझं मेलेलं तोंड बघून झालं होतं माझं. आता कसली भीती घालणार होतास? आणि खरं सांगू? तुला गप्प राहायचं असतं तर तू बटण दाबलं नसतंस. मी सांगितलं. मुकी जागा, केबल, गाऱ्हाणं, शब्दाला शब्द. सांगताना माझा सूर तुझ्यासारखा लागला, ते मला वहिनीच्या चेहऱ्यावरून कळलं.

दीपाने अंगणाकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "आत ऐकू जात नाही, असं समजत होते ना ते?"

"हो."

"मग बटण का दाबलं?"

तुझीच पोर रे. मी म्हटलं, बाय, मी पण तेच विचारलं होतं. म्हणाला, सवय.

"सवय डोंबलाची," ती म्हणाली, हसायला गेली, आणि ते हसू अर्ध्यातच मोडलं.

उठली, आत गेली. फडताळ उघडल्याचा आवाज आला. तुझे ते खेळण्यातले सेट घेऊन आली. प्लास्टिक पिवळं पडलंय, तारा मात्र तू जोडल्या होत्यास तशाच. सेल कुठले असायला? वहिनीने टीव्हीचा रिमोट उघडून दिला, भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. एक सेट दीपाने माझ्या हातात ठेवला. "काका, तुम्ही खिडकीत बसा." आणि ती कलमांतून चालत टोकाच्या गडग्याकडे गेली. एवढी मोठी बाई, आणि चाल तीच.

मी माजघराच्या खिडकीत तुझ्या जागी बसलो. सेट खरखरत होता. मला वाटलं, चालायचा नाही, जुना झालाय. चालू नये असंही वाटलं, खोटं कशाला बोलू. मग आवाज आला.

"अण्णा."

एकदाच. आणि तिने बोट काढलं नाही. तेरा दिवसांचं सगळं त्या सेटमधून यायला लागलं, हुंदक्यावर हुंदका, आणि मला काही बोलता येईना, कारण ती बटण दाबून होती. बोट काढ बाय, बोट काढ, मी इकडे नुसता तोंडातल्या तोंडात म्हणत होतो. वहिनी पदर तोंडात धरून दाराला टेकली होती. गजा, मेल्या, हा एक शब्द ऐकायला तू त्या ओल्या काळोखात इतक्या फेऱ्या मारल्यास आणि तो आला तेव्हा तू नाहीस. तुला थोडं थांबता आलं नाही? की तिला थोडं आधी? कोणाला विचारू मी हे?

मग खरखर परत आली. तिने बोट काढलं होतं. पलीकडे ती वाट बघत होती.

तू कबूल केलं होतंस, दुसऱ्या हाकेची वाट बघणार नाही. व्हय मी म्हटलं होतं. मी बटण दाबलं आणि ओ दिली. तुझ्यासारखी लांब नाही जमली, मध्येच फुटली. पण पोचली.